थायरॉइडचा रिपोर्ट वाचताना : प्रस्तावना

थायरॉइडची रक्ततपासणी आज महाराष्ट्रात तालुक्याच्या गावीही सहज होते. थकवा, वजनवाढ, केस गळणे, पाळीची अनियमितता, मूल न होण्याची चिकित्सा, गरोदरपणाची पहिली नोंदणी किंवा केवळ ‘फुल बॉडी चेकअप’चे पॅकेज अशा अनेक वाटांनी ती माणसाच्या वाट्याला येते. तिचा निकाल पुष्कळदा डॉक्टरांच्या आधी रुग्णाच्याच मोबाइलवर पोहोचतो, आणि त्यातला एखादा आकडा ठळक छापलेला, त्याच्यापुढे ‘जास्त’ किंवा ‘कमी’ अशी खूण केलेली दिसली की घरात आजाराचे नाव ठरूनही जाते. त्या ठळक आकड्याचा अर्थ कसा लावायचा, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे. पुस्तकाची भूमिका आरंभीच सांगून ठेवणे योग्य होईल : टीएसएच, टी-४ आणि टी-३ हे सुटे निकाल म्हणून वाचता येत नाहीत, त्यांतला प्रत्येक आकडा दुसऱ्याला दिलेले उत्तर असतो, आणि ते उत्तर कोणाच्या शरीरात, कोणत्या काळात व कोणत्या औषधांच्या संगतीत दिले गेले हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

थायरॉइड, म्हणजे मराठी वैद्यकीय परिभाषेतली अवटु ग्रंथी, गळ्याच्या पुढच्या बाजूला श्वासनलिकेला बिलगून असते आणि प्रौढ माणसात तिचे वजन साधारण १५ ते २० ग्रॅम भरते. अन्नातून मिळालेले आयोडीन वेचून ती दोन संप्रेरके तयार करते. आयोडीनचे चार अणू असलेले थायरॉक्सिन म्हणजे टी-४, आणि तीन अणू असलेले ट्रायआयोडोथायरोनिन म्हणजे टी-३. ग्रंथीतून मुख्यतः टी-४ बाहेर पडते. पेशींवर प्रत्यक्ष काम करणारे टी-३ मात्र सुमारे ८० टक्के ग्रंथीच्या बाहेर, यकृतात आणि इतर ऊतींत, टी-४ मधला एक आयोडीन अणू काढून घडवले जाते. या सगळ्या कामावर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीची देखरेख असते. रक्तातले थायरॉइड संप्रेरक कमी पडू लागले की पीयूषिका टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक, अधिक सोडते आणि ते वाढले की हात आखडता घेते. पीयूषिकेला स्वतःला वरून, मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून, टीआरएच नावाच्या संप्रेरकाची चालना मिळत असते.

या व्यवस्थेतली एक गोष्ट समजली की रिपोर्ट वाचण्याचे निम्मे काम होते. टीएसएच हे थायरॉइडने तयार केलेले द्रव्यच नाही. थायरॉइडच्या कामाविषयी पीयूषिकेचे जे मत असते त्याचा तो आकडा आहे, आणि हे मत अतिशय तिखट शब्दांत व्यक्त होते. रक्तातले मुक्त टी-४ निम्म्यावर आले किंवा दुपटीने वाढले तर टीएसएचमध्ये होणारा बदल कित्येक पटींचा, कधी शंभर पटींच्या घरातला असतो. म्हणूनच ग्रंथी थोडी थकू लागली की टी-४ अजून छापील मर्यादेच्या आत असतानाच टीएसएच वर चढलेले दिसते, आणि म्हणूनच बहुतेक मार्गदर्शक तत्त्वे पहिली तपासणी म्हणून टीएसएचची शिफारस करतात. मात्र या शिफारशीमागे दोन गृहीतके आहेत. पीयूषिका स्वतः निरोगी असावी, हे पहिले. आणि शरीर स्थिर अवस्थेत असावे, हे दुसरे. यांपैकी एकही गृहीतक मोडले की टीएसएच दिशाभूल करते. या पुस्तकात ज्या अवघड रिपोर्टांची चर्चा आहे त्यांतले बरेचसे या दोन ठिकाणीच अडलेले आहेत.

‘टोटल’ आणि ‘फ्री’ हे रिपोर्टातले दोन शब्दही येथेच उलगडायला हवेत. रक्तातले ९९ टक्क्यांहून अधिक टी-४ वाहक प्रथिनांना चिकटून फिरत असते आणि पेशींच्या उपयोगी पडणारा मुक्त अंश एक टक्क्याच्या काही शतांशांइतकाच असतो. गरोदरपणात किंवा इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या चालू असताना ही वाहक प्रथिने वाढतात, त्यामुळे टोटल टी-४ वाढलेले दिसते, पण त्या स्त्रीला थायरॉइडचा कोणताही आजार नसतो. मुक्त टी-४ मोजल्याने ही अडचण बरीचशी दूर होते, पण पूर्णपणे नाही, कारण नेहमीच्या यंत्रांवर मुक्त अंश अप्रत्यक्ष रीतीनेच मोजला जातो आणि गरोदरपणाच्या उत्तरार्धात व गंभीर आजारात त्या रीतीही डळमळतात.

या क्षेत्राचा इतिहास हा मोजमापाच्या साधनांचा इतिहास आहे, आणि प्रत्येक नव्या साधनाबरोबर आजाराची व्याख्याही सरकत गेली आहे. विल्यम गल यांनी १८७३ मध्ये लंडनमध्ये प्रौढ स्त्रियांमधल्या सुजट, मंद, थंडी सहन न होणाऱ्या अवस्थेचे वर्णन केले तेव्हा निदान केवळ डोळ्यांनी होत असे. १८९१ मध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून अशा एका स्त्रीला बरे केले आणि ग्रंथीतून काहीतरी रक्तात जाते हे निर्विवाद झाले. १८९५ मध्ये माग्नुस-लेव्ही यांनी थायरॉइडच्या आजारात शरीराचा प्राणवायूचा खप बदलतो हे दाखवले, आणि पुढची कित्येक दशके रुग्णाला उपाशीपोटी, निश्चल झोपवून त्याचा श्वास मोजणे हीच थायरॉइडची तपासणी होती. एडवर्ड केंडल यांनी १९१४ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये थायरॉक्सिन स्फटिकरूपात वेगळे केले. टी-३ चा शोध लागायला मात्र १९५२ साल उजाडावे लागले. मधल्या काळात रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेले आयोडीन मोजून संप्रेरकाचा अंदाज बांधला जाई.

खरी क्रांती झाली ती न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या एका प्रयोगशाळेत. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस, इन्सुलिनचा अभ्यास करताना, प्रतिपिंड आणि किरणोत्सारी खूण यांच्या साहाय्याने रक्तातले अत्यल्प संप्रेरक मोजण्याची रीत शोधली. तिला रेडिओइम्युनोअ‍ॅसे म्हणतात, आणि तिच्यासाठी यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन त्याआधीच, १९७२ मध्ये, निवर्तले होते. टीआरएचची रचना उलगडणारे रॉजर गिलमँ आणि अँड्र्यू शॅली हे १९७७ च्याच पारितोषिकाचे सहमानकरी होते. १९६० च्या दशकाच्या मध्यावर टीएसएच या रीतीने मोजता येऊ लागले, पण ते पहिल्या पिढीचे मोजमाप वाढलेले टीएसएच तेवढे ओळखू शके. निरोगी माणसाचे कमी टीएसएच आणि आजाराने दबलेले टीएसएच यांत त्याला फरक करता येत नसे. १९८० च्या दशकात एकाच जातीच्या प्रतिपिंडांच्या जोडीमध्ये संप्रेरक पकडण्याची पद्धत आली आणि आजच्या तिसऱ्या पिढीच्या चाचण्या लिटरला ०.०१ ते ०.०२ मिलि-युनिटपर्यंत खाली जातात. (काही लॅब मायक्रो-युनिट प्रति मिलिलिटर असे एकक छापतात; आकडा तोच राहतो.) या सूक्ष्मतेमुळेच ‘सबक्लिनिकल’ नावाची एक संपूर्ण नवी अवस्था अस्तित्वात आली. तीत टीएसएच मर्यादेबाहेर असते, मुक्त टी-४ मर्यादेत असते, आणि लक्षणे असतात किंवा नसतात. विल्यम गल यांना अशा व्यक्तीत कोणताही आजार दिसला नसता. ही अवस्था प्रयोगशाळेने दाखवलेली आहे, म्हणून ती खोटी ठरत नाही. पण तिच्यावर उपचार करावा की नाही याचे उत्तर प्रयोगशाळा देऊ शकत नाही, हे लक्षात ठेवावे लागते.

याला समांतर असा दुसरा धागा शरीराच्या स्वतःवरच उलटणाऱ्या प्रतिकारशक्तीचा आहे. हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये लसिका पेशींनी भरलेल्या थायरॉइडचे वर्णन केले, आणि १९५६ मध्ये अशा रुग्णांच्या रक्तात थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे सापडली. आज रिपोर्टात ‘अँटी-टीपीओ’ म्हणून जी तपासणी दिसते ती याच धाग्याची. तिच्याविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. ही प्रतिपिंडे अनेक निरोगी माणसांत, विशेषतः स्त्रियांत, आढळतात; ती पुढच्या धोक्याची सूचना देतात, पण त्यांचा आकडा कमी करण्यासाठी उपचार नसतो आणि तो दर काही महिन्यांनी मोजून काही साधतही नाही.

भारतात थायरॉइडचा विचार दीर्घकाळ गळ्यावरच्या सुजेपासून सुरू होत असे. गलगंडाचे वर्णन सुश्रुतसंहितेत आहे, आणि आधुनिक काळात व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात केलेला अभ्यास हा सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातला एक आदर्श प्रयोग मानला जातो. खोऱ्याचे तीन विभाग करून दोन विभागांना आयोडीनयुक्त आणि एकाला साधे मीठ पुरवण्यात आले, आणि काही वर्षांत आयोडीन मिळालेल्या विभागांत गलगंडाचे प्रमाण लक्षणीय उतरले. त्यातूनच १९६२ चा राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. पुढच्या पाहण्यांत ही कमतरता हिमालयाच्या पायथ्यापुरती नाही, सपाट प्रदेशांतही आहे, हे दिसून आले आणि १९९२ मध्ये कार्यक्रमाचे नाव बदलून आयोडीन कमतरतेच्या सर्वच विकारांना त्यात सामावून घेतले गेले. आयोडीन नसलेले खाण्याचे मीठ विकण्यावरची केंद्राची बंदी २००० मध्ये उठली आणि २००६ मध्ये पुन्हा लागू झाली. मुंबईत परळ येथे १९६३ मध्ये सुरू झालेल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरने थायरॉइडच्या किरणोत्सारी तपासण्या व उपचार यांचा या देशात पाया घातला.

आयोडीनची कमतरता मागे हटली तसा प्रश्नाचा चेहरा बदलला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत, ज्यात मुंबई आणि गोवाही होते, ५,३७६ प्रौढांपैकी सुमारे ११ टक्क्यांना हायपोथायरॉइडिझम, म्हणजे थायरॉइड संप्रेरकाची कमतरता, असल्याचे आढळले. स्त्रियांत हे प्रमाण पुरुषांहून अधिक होते. ही पाहणी शहरांपुरती होती आणि तिचा आकडा साऱ्या देशाला लावू नये, तरीही थायरॉइडचा रिपोर्ट वाचता येणे हे आता केवळ तज्ज्ञाचे काम राहिलेले नाही, हे मान्य करायला तेवढा पुरावा पुरेसा आहे.

या क्षेत्रातले मुख्य वाद ‘मर्यादा’ या कल्पनेभोवती फिरतात. लॅबची संदर्भमर्यादा, जी टीएसएचसाठी साधारण ०.४ ते ४ च्या आसपास असते, ती निरोगी मानल्या गेलेल्या लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांची मर्यादा असते. म्हणजे व्याख्येनुसारच वीस निरोगी माणसांपैकी एक जण तिच्या बाहेर पडतो. दोन दशकांपूर्वी एका गटाने वरची मर्यादा २.५ पर्यंत खाली आणावी असा आग्रह धरला. ज्यांच्यात थायरॉइडचा छुपा आजार आहे अशांना वगळले तर बहुतेक निरोगी माणसे त्याखालीच येतात, हा त्यांचा मुद्दा होता. दुसऱ्या गटाने अमेरिकेतल्या मोठ्या लोकसंख्येच्या पाहणीवरून दाखवले की वयाबरोबर टीएसएच स्वाभाविकपणेच वर सरकते आणि ८० वर्षांपुढच्या, थायरॉइडचा आजार नसलेल्या लोकांत वरची मर्यादा ७.५ च्या जवळ जाते. पहिल्या गटाचे म्हणणे मानले तर कोट्यवधी निरोगी माणसे एका रात्रीत रुग्ण ठरतात. दुसऱ्याचे मानले तर सत्तरी ओलांडलेल्या अनेकांच्या गोळ्या मुळातच अनावश्यक होत्या असे निघते. प्रस्तुत पुस्तकाचा कल स्पष्टपणे दुसऱ्या बाजूला आहे. त्याला आणखी एक आधार डेन्मार्कमधल्या एका छोट्या पण बोलक्या अभ्यासाचा आहे. त्यात १६ निरोगी पुरुषांचे रक्त वर्षभर दर महिन्याला तपासले गेले आणि प्रत्येकाची स्वतःची मर्यादा लॅबच्या मर्यादेच्या साधारण निम्म्या रुंदीची निघाली. एखाद्या व्यक्तीचे टीएसएच वर्षानुवर्षे १ असेल आणि ते ३.८ झाले, तर लॅब त्यावर खूण करणार नाही, पण त्या व्यक्तीच्या दृष्टीने तो मोठा बदल असतो. जुने रिपोर्ट जपून ठेवण्याचे महत्त्व यातूनच येते.

किंचित वाढलेल्या टीएसएचवर उपचार करावा काय, या प्रश्नाचे उत्तरही गेल्या काही वर्षांत अधिक सावध झाले आहे. इंग्लंडच्या ईशान्येकडील विकहॅम भागात १९७० च्या दशकात २,७७९ लोकांची पाहणी झाली आणि वीस वर्षांनी त्यांचा पुन्हा मागोवा घेतला गेला. ज्या स्त्रियांत टीएसएच वाढलेले आणि प्रतिपिंडेही होती त्यांच्यापैकी दरवर्षी सुमारे ४.३ टक्के उघड हायपोथायरॉइडिझमकडे गेल्या. ज्यांच्यात फक्त टीएसएच वाढलेले होते त्यांच्यात हा वेग सुमारे २.६ टक्के होता. धोका खरा होता, पण बहुसंख्य लगेच आजारी पडल्या नाहीत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत ६५ वर्षांवरील ७३७ सबक्लिनिकल रुग्णांना थायरॉक्सिन किंवा निष्क्रिय गोळी देऊन पाहिली असता वर्षभराने लक्षणांत आणि थकव्यात दोन्ही गटांमध्ये फरक दिसला नाही. एका रिपोर्टावरून आयुष्यभराची गोळी सुरू करण्याआधी दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी, हा साधा नियम पाळला तर अनेक आकडे आपोआप मर्यादेत परतलेले आढळतात. टीएसएच १० च्या वर टिकून राहिले, तर मात्र बहुतेक तज्ज्ञ उपचाराच्या बाजूचे असतात.

गरोदरपणात हे सारे हिशेब नव्याने मांडावे लागतात. पहिल्या तिमाहीत वारेतून येणारे एचसीजी हे संप्रेरक टीएसएचशी इतके मिळतेजुळते असते की ते स्वतःच थायरॉइडला चालना देते, आणि आईचे टीएसएच स्वाभाविकपणे खाली जाते. ते आजाराचे लक्षण समजून औषध दिले तर हानी होऊ शकते. उलट, गर्भाची स्वतःची ग्रंथी काम करू लागण्याआधी त्याच्या मेंदूची वाढ आईच्या टी-४ वर अवलंबून असते, त्यामुळे खरी कमतरता येथे दुर्लक्षित राहता कामा नये. आधीपासून थायरॉक्सिन घेणाऱ्या स्त्रीची मात्रा गर्भधारणा कळताच साधारण २५ ते ३० टक्क्यांनी वाढवावी लागते. वरच्या मर्यादेबाबत २०११ च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनी पहिल्या तिमाहीसाठी २.५ हा आकडा दिला होता. २०१७ मध्ये तो मागे घेऊन स्थानिक मर्यादा वापराव्यात आणि त्या नसतील तर ४ च्या जवळची मर्यादा धरावी, असे सुचवले गेले. जुना आकडा आजही अनेक ठिकाणी वापरात आहे.

कमी टीएसएचच्या रिपोर्टाला वेगळी शिस्त लागते, कारण तेथे एकाच आकड्याकडे दोन विरुद्ध वाटा येऊन मिळतात. ग्रेव्हज आजारात ग्रंथी खरोखरच अधिक संप्रेरक तयार करते. दाहामध्ये, उदाहरणार्थ विषाणूसंसर्गानंतर किंवा बाळंतपणानंतरच्या वर्षात, ग्रंथी नवे काही तयार करत नाही. तिच्यात साठलेले संप्रेरक रक्तात सांडते, काही आठवड्यांत संपते, आणि पुढे कित्येकदा कमतरतेचा काळ येतो. संप्रेरकाची निर्मिती रोखणारी औषधे पहिल्या अवस्थेत उपयोगी पडतात, तर दुसऱ्या अवस्थेत त्यांना रोखण्यासारखे काही उरलेलेच नसते. टीएसएचच्या ग्राहकांवर काम करणाऱ्या प्रतिपिंडांची तपासणी किंवा ग्रंथीचे किरणोत्सारी स्कॅन केल्याशिवाय हा फरक अनेकदा कळत नाही.

मग उरतात ते रिपोर्ट, ज्यांत दोष ग्रंथीचा नसून परिस्थितीचा किंवा परीक्षेचा असतो. केस आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांत हे जीवनसत्त्व रोजच्या गरजेच्या शेकडो पट असू शकते. काही यंत्रांतली चाचणी बायोटिनच्याच बंधावर आधारलेली असल्यामुळे टीएसएच खोटेच कमी आणि मुक्त टी-४ खोटेच जास्त दिसते, आणि हुबेहूब ग्रेव्हज आजाराचे चित्र उभे राहते. केस गळतात म्हणून बायोटिन आणि केस गळतात म्हणूनच थायरॉइडची तपासणी, ही जोडगोळी इतकी नेहमीची आहे की रक्त देण्याआधी किमान दोन दिवस ही गोळी थांबवण्याची सूचना प्रत्येक लॅबने द्यायला हवी. इस्पितळात दाखल असलेल्या गंभीर रुग्णात आधी टी-३ उतरते, पुढे टी-४ आणि टीएसएचही दबतात, आणि बरे होताना टीएसएच तात्पुरते २० पर्यंत चढू शकते. अशा दिवसांत थायरॉइडचा ठोस संशय नसेल तर ही तपासणी करूच नये हे उत्तम. हृदयाच्या ठोक्यांसाठी दिले जाणारे अमिओडॅरोन वजनाने एकतृतीयांशाहून अधिक आयोडीनच असते आणि ते थायरॉइडला दोन्ही दिशांना ढकलू शकते. थायरॉक्सिनची मात्रा बदलल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांच्या आत केलेल्या टीएसएचचा अर्थ लागत नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉक्सिनसोबतच घेतल्या तर ते नीट शोषले जात नाही, आणि दोष मात्र मात्रेवर येतो.

एका गटाचे रुग्ण संख्येने थोडे असले तरी त्यांच्यासाठी अधिक शब्द खर्चावेसे वाटतात. पीयूषिकाच आजारी असेल तर मुक्त टी-४ कमी असूनही टीएसएच ‘नॉर्मल’ छापलेले असते. बाळंतपणातल्या अतिरक्तस्रावाने पीयूषिकेला इजा झालेली स्त्री, जिला दूध आले नाही आणि जिची पाळी परतली नाही, ती केवळ टीएसएच पाहणाऱ्या व्यवस्थेतून वर्षानुवर्षे निसटत राहते. तिला थायरॉक्सिन देण्याआधी शरीरात कॉर्टिसॉलची कमतरता नाही ना हे पाहावे लागते, अन्यथा उपचारच जीवघेणा ठरू शकतो. टीएसएच ही चांगली तपासणी आहे, पण एकट्या टीएसएचवर उभी असलेली स्वस्त पॅकेजे अशा स्त्रीला ‘थायरॉइड ठीक आहे’ असे सांगून घरी पाठवतात, आणि यात सुधारणा व्हावी अशी या पुस्तकाची कळकळीची मागणी आहे.

जास्त उपचाराची किंमतही येथेच नोंदवली पाहिजे. गरजेपेक्षा अधिक थायरॉक्सिनने टीएसएच दीर्घकाळ दबून राहिले तर उतारवयात हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. आकडा मर्यादेत असूनही थकवा कायम राहणाऱ्या रुग्णांना टी-३ची जोड द्यावी का, हा वाद १९९९ मध्ये लिथुएनियातल्या ३३ रुग्णांच्या अभ्यासाने पेटला, आणि नंतरच्या बहुतेक चाचण्यांत त्या अभ्यासात दिसलेला लाभ पुन्हा दिसला नसला तरी हा वाद पूर्णपणे मिटलेला नाही. त्या रुग्णांचा थकवा खरा असतो. त्याचे कारण रक्तक्षय, झोप, मधुमेह किंवा नैराश्य यांत शोधणे हेही डॉक्टरांचेच काम आहे.

हे पुस्तक सामान्य चिकित्सक, परिचारिका, लॅबमधील तंत्रज्ञ आणि स्वतःचा रिपोर्ट समजून घेऊ इच्छिणारे वाचक यांच्यासाठी आहे, आणि म्हणून त्याची मांडणी आजारांच्या नावांनुसार न करता आकड्यांच्या जोड्यांनुसार केलेली आहे, कारण वाचकाच्या हाती पडतो तो आकडा; नाव त्यानंतर येते. त्यातले नमुन्याचे रिपोर्ट शिकवण्यासाठी रचलेले आहेत. मात्रा ठरवण्याचे कोष्टक मुद्दाम दिलेले नाही. थायरॉइडमधल्या गाठी आणि कर्करोग हा विषयही वेगळा ठेवला आहे, तो कमी महत्त्वाचा म्हणून नव्हे : थायरॉइडच्या कर्करोगात टीएसएच बहुधा मर्यादेतच असते, त्यामुळे गळ्यावर गाठ लागत असेल तर रक्ताचा रिपोर्ट कितीही निर्दोष असो, सोनोग्राफी आणि आवश्यक तेथे सुईने घेतलेल्या पेशींची तपासणी यांना पर्याय नाही.